पंचमीच्या दिवशी कात्री

भाताची लावण उरकून बांधाबांधात पाणी उभं राहिलं, की आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटावर वर्षातला पहिला फोटो येतो. यंदा तो गेल्या आठवड्यात आला. अंधूक उजेडात काहीतरी लांब, काळपट, दोन ठिकाणी वळलेलं. खाली प्रश्न : ‘विषारी का बिनविषारी?’ लगेच तीन भाषांतून तज्ज्ञांची मतं आली. एकाने घोणस ठरवली, एकाने अजगराचं पिल्लू, एकाने नुसतेच हात जोडले. शेवटी फोटो टाकणाऱ्याच्या बायकोने लिहिलं, की तो गाडी धुवायचा पाइप आहे. मग कुणीतरी ‘तरीपण सर्वांनी सावध राहावे’ असा संदेश टाकला, आणि हंगाम सुरू झाल्याची माझी खात्री पटली.

वडगावची शेवटची गल्ली संपते आणि शिवार सुरू होतं, त्या शिवेवर आमची कॉलनी आहे. एका अंगाला यंत्रमागांची खटखट, दुसऱ्या अंगाला बेडकांची. नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिले काही दिवस झोप लागत नाही. मग दोन्ही आवाज कानांत मुरतात आणि थांबले तरच ऐकू येतात. सापांचा विषय निघाला की इथे ‘आपणच त्यांच्या जागेत आलो आहोत’ असं म्हणायची पद्धत आहे. मीही म्हणतो. चारचौघांत ते शोभून दिसतं. पण घराची किल्ली खिशात असलेला माणूस ते वाक्य पुरतं मनावर घेत नाही. घेतलं तर त्याला उठून जावं लागेल.

या भागात सापाचं नाव घ्यायचाही एक जुना संकोच आहे. दिवेलागणीनंतर तर नाहीच. ‘लांबडं’ म्हणतात, ‘जनावर’ म्हणतात. चावलं तर ‘पान लागलं’ म्हणतात, जणू झाडाखालून जाताना सहज काही अंगावर पडलं. मला या अदबीचं फार कुतूहल वाटतं. पुढारी गावात येणार असला तर त्याचं नाव आपण चौकाचौकात टांगतो, आणि साप आला तर त्याचं नाव तोंडातून काढत नाही. दोघांपैकी खरा दरारा कुणाचा, हे यावरून ठरवायला हरकत नसावी.

पाइपचा तो फोटो बघताना मला तीन-चार वर्षांपूर्वीचा एक श्रावण आठवला. आमच्या कंपाउंडला लागूनच सुशीलाआक्कांचं घर. पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये साड्यांचे दोन यंत्रमाग. नवरा वारल्यापासून आक्का एकट्याच ते चालवतात. त्या श्रावणाच्या आदल्या वर्षी उंदरांनी शेडमध्ये घुसून एका मागाचा ताणा, म्हणजे मागावर ताणून बसवलेले सगळे उभे धागे, जागोजागी कुरतडून टाकला होता. तुटलेला प्रत्येक धागा शोधून गाठ मारायची. आक्का कितीतरी दिवस त्या धाग्यांत डोकं घालून बसल्या होत्या, आणि एवढं करून साडी निघाली ती दुय्यम. त्यानंतर कधीतरी धामण यायला लागली आणि उंदीर दिसेनासे झाले.

मी ती पहिल्यांदा पाहिली ती भर दुपारी. आमच्या धुण्याच्या दगडामागून निघाली, भिंतीच्या कडेकडेने, कुठेही न थांबता, मीटर बघायला आलेल्या माणसासारखी सरळ आक्कांच्या शेडकडे गेली. पिवळसर तपकिरी, माणसाहून लांब. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. त्यामुळे माझा क्रम असा, की मी आधी त्या विषयावरचं पुस्तक घरी आणतो आणि मग घाबरतो. इथे उलटं झालं. मी काठी शोधत असताना आक्का भिंतीवरून डोकावल्या.

“मारू नकासा अण्णा. ती आमची हाय.”

“तुमची म्हणजे?”

“उंदरास्नी ठेवलीया. पगार न्हाय, रजा न्हाय, वेळ चुकवत न्हाय. तुमच्या कॉलेजात असं कोण हाय काय?”

कॉलेजात तसं कुणी नव्हतं. मी काठी ठेवून पुस्तक आणलं. धामणीला विष नसतं, ती दिवसा फिरते, तिचं पोट उंदरांवर चालतं, हे सगळं त्यात होतं. गाईच्या पायांना वेटोळं घालून दूध पिते, असं माझे काका शपथेवर सांगायचे, ते मात्र नव्हतं. पुढे एका सकाळी शेडच्या पायरीजवळ तिची कात सापडली. आख्खी, कुठेही न फाटलेली. हातात घेतली तर ओल्या कागदासारखी गार आणि वजन नसलेली. डोक्याच्या बाजूला दोन बारीक पारदर्शक गोल होते. डोळ्यांवरचं कातडंसुद्धा ती काढून ठेवते, हे मला तेव्हा कळलं. सापाला पापण्या नसतात. डोळ्यांवर ती एक काच असते, आणि हंगामातून कधीतरी ती काच बदलून मिळते. मी बराच वेळ ते गोल उजेडात धरून बघत राहिलो. मंगल, माझी बायको, म्हणाली, “चष्म्याचा नंबर लागतोय का बघताय?”

मंगल निपाणीची. वडील तंबाखूच्या वखारीत होते. तिचं माहेर म्हटलं की मला अजून तो नाकात बसणारा गोडसर वास आठवतो. त्या चार बहिणी. भाऊ नाही. आपल्याकडे ही गोष्ट वर्षभर कुणाच्या लक्षात नसते आणि नागपंचमीला सगळ्यांच्या लक्षात येते. आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास धरतात. पंचमीला भाऊ येऊन बहिणीला माहेरी नेतो. लहानपणी गल्लीतल्या मुली भावाच्या नावाने हातावर मेंदी काढत तेव्हा या चौघी कुणाच्या नावाने काढत असतील, हा प्रश्न होता. त्यावर तिच्या आत्याने तोडगा काढून दिला होता. भाऊ नसलेल्या मुलीने नागाला भाऊ मानायचं. पंचमीला जो पहिला दिसेल तो तिचा, मग तो नाग असो नाहीतर साधी दिवड. मग मंगल दरवर्षी पंचमीला लाह्यांची वाटी घेऊन ओढ्याच्या बांधावर जाऊन बसायची. बहिणी दमून परत जायच्या. ही बसून राहायची.

“कधी दिसला?” मी लग्नानंतर विचारलं होतं.

“एकदाही नाही,” ती म्हणाली. “बेडूक दिसायचे. बेडकाला भाऊ म्हणायची सोय आत्याने सांगितली नव्हती.”

हे ती हसत सांगते. पण पंचमीच्या सकाळी ती पेपर जरा जास्त वेळ वाचते, हे माझ्या लक्षात आलं आहे.

त्या श्रावणात कॉलनीला अचानक सापांची काळजी वाटू लागली. कारण असं, की सुधारणा समितीच्या अध्यक्षांच्या बुटात एक छोटा कवड्या सापडला. तो बिचारा पालीच्या मागे आलेला, बिनविषारी. पण बूट अध्यक्षांचा होता. दुसऱ्याच दिवशी बैठक झाली. फिनेल, लसूण, सर्पगंधाची रोपं, देवाची शांत असे अनेक उपाय चर्चेला आले आणि शेवटी शिवाराच्या बाजूने कुंपणाला खालपासून मासे धरायची नायलॉनची जाळी लावायचं ठरलं. जाळीचं उद्घाटन झालं. फीत होती, सनई होती, फोटो काढणारा होता. अध्यक्षांनी भाषणाची सुरुवात कन्नडमध्ये केली, मराठीत मुद्द्यावर आले आणि इंग्रजीत आभार मानले.

“आता एक बी जनावर आत येणार न्हाय,” ते म्हणाले. “हे मी जबाबदारीनं सांगतो.”

“आन आत हाईत त्यास्नी भाईर कसं जायाचं?” मागून आक्का म्हणाल्या.

लोक हसले. अध्यक्षही हसले आणि ही सूचना पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाले. ती अजून घेतलेली नाही. जाळी मात्र आता एका घराच्या परसात कारल्याच्या वेलाला आधार म्हणून आहे, आणि माझ्या मते तिला तिचं काम सापडलं आहे.

पंचमी आली. या भागात त्या दिवशी काहीही कापायचं नाही, चिरायचं नाही, जमीन खणायची नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. का, तर कुठल्या तरी सापाला आपल्या हातून इजा होईल, आणि त्या इजेचं पाप भावावर येईल. म्हणून भाजी चिरलेली नसते, जेवण उकडलेलं असतं. पुरणाची दिंडं, लाह्या, पीठ-गुळाच्या तंबिटाचे लाडू. मागावर सारखा धागा तोडावा लागतो, म्हणून आमच्या बाजूचे माग बंद असतात. सकाळी खानापूरहून माझ्या बहिणीचा फोन आला. मी वयाने साठीकडे झुकलो आहे, पण तिने सांगितलं, “आज नखं कापू नको रे.” मी कापली नाहीत. या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण नखं काय दुसऱ्या दिवशीही तिथेच असतात.

माग थांबले की वडगाव एकदम मोठं वाटतं. एरवी कानावर न येणारं सगळं यायला लागतं. कुणाच्या घरी झोका बांधलाय त्या दोरीची करकर, लांब कुणीतरी कुणाला तरी घातलेली हाक. मी मागच्या पायरीवर चहा घेत बसलो होतो. त्या शांततेत मला कुंपणाकडून वाळलेली झावळी ओढत नेल्यासारखा आवाज आला. थोडा थांबला, परत आला.

शिवाराकडच्या कुंपणाच्या तळाशी, आमच्या आणि आक्कांच्या हद्दीवर, धामण जाळीत अडकली होती. डोकं आणि हातभर अंग पलीकडे भाताच्या बाजूला, बाकी सगळं आत. सुटायला म्हणून ती गोल फिरली असावी आणि प्रत्येक फेऱ्यात जाळीचा आणखी एक वेढा अंगावर चढला असावा. आता हलायलाही जागा नव्हती. धागा खवल्यांखाली रुतला होता आणि दोन ठिकाणी रक्त आलं होतं. मला बघून तिने घशातून एक खरखरीत आवाज काढला. पुस्तकात याला गुरगुरणं म्हटलं होतं. मला तो दमलेल्या माणसाचा वाटला.

मी मंगलला हाक मारली. आवाजाने आक्काही आल्या. नवी साडी, हातावर मेंदी. दुपारी पाळी सुटली की त्यांचा भाऊ परशराम उद्यमबागच्या कारखान्यातून येऊन त्यांना कंग्राळीला माहेरी नेणार होता. त्या कुंपणाशी खाली बसल्या.

“अगं बया,” त्या हळू म्हणाल्या. “हिला काय केलं गं ह्यांनी.”

आक्कांनी शेडमधून तार भरायचा, म्हणजे फणीतून धागा ओढायचा, आकडा आणला आणि त्याने गाठी उकलायचा प्रयत्न केला. नायलॉन निसटत होतं. एक फास सैल झाला की दुसरा आवळायचा. मंगलने नखांनी सोडवून बघितलं. काही होत नव्हतं. ऊन वर आलं होतं आणि धामणीचं गुरगुरणं बंद झालं होतं, जे मला जास्त वाईट लक्षण वाटलं.

“कापावी लागेल,” मी म्हणालो.

मी कात्री आणायला उठलो.

“अण्णा, बसा,” आक्का म्हणाल्या. “तुमची भैन तिकडं खानापुरात तुमच्या नावानं काल उपाशी ऱ्हायलीया. तुमी कापायचं न्हाय.”

“मग तुम्ही कापा.”

“म्या?” आक्कांनी माझ्याकडे बघितलं. “परशा भट्टीवर हाय आज. लोखंडाचं पाणी वततोय त्यो. म्या हितं कात्री लावली आन तिकडं त्याला कायबी झालं, तर मला जन्मभर तीच कात्री दिसंल. ही मेली तर माझा ताणा गेला, त्ये बी कळतंय मला. तरी न्हाय.”

नियम सापाला जपण्यासाठी केलेला आहे आणि तोच नियम आता एका सापाला मारतो आहे, हे मला सांगता आलं असतं. ज्याने नियम केला त्याने नायलॉन पाहिलेलं नव्हतं, हेही. पण वितळलेल्या लोखंडापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या बहिणीला असलं काही सांगायला मला धीर झाला नाही. जे आपल्याला खोटं वाटतं त्याची किंमत दुसऱ्याने मोजायची असेल, तर आपण खरं बोलायची घाई करू नये.

मी अध्यक्षांकडे गेलो. मोकळ्या प्लॉटवर मांडव होता. सामुदायिक नागपूजा. मातीचा नाग मधोमध, मागे फलक, आणि फलकावर नागाहून मोठे अध्यक्ष. त्यांनी माझं ऐकून घेतलं, सर्पमित्राला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. पलीकडे टाळ्या चालल्या होत्या. “साहेब, सत्काराला हाय,” सर्पमित्र कुजबुजला. “शाल घालायलेत. मागनं करतो.”

“आज कापाकापी नको,” अध्यक्ष म्हणाले. “सणाचा दिवस हाय. जाळी बी समितीची हाय. उद्या सकाळी बघू या. तुम्ही आरतीला थांबा की.”

मी आरतीला थांबलो नाही. परत आलो तर मंगल धामणीजवळ उकिडवी बसली होती. ओला पदर पिळून तिने धामणीवर पाणी सोडलं होतं. मी अध्यक्षांचं बोलणं सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

“आज पंचमी ना,” ती म्हणाली. “सकाळपासून मी दुसरा साप बघितलेला नाही.”

पंचमीला पहिला दिसेल तो भाऊ, हे मला आठवायला थोडा वेळ लागला. आक्कांना आत्याची गोष्ट माहीत होती. वरचेवर मंगलनेच हसत सांगितलेली. त्या हसल्या नाहीत.

“मला भाऊ नाही,” मंगल म्हणाली. “मी कापलं तर कुणाला काय होणार? कात्री आणा.”

“अगं पर त्योच तुजा भाऊ म्हनतीस,” आक्का म्हणाल्या. “भावाच्या अंगाला आजच्या दिवशी कात्री लावनार?”

“अंगाला नाही आक्का. जाळीला.”

“हात चुकला तर?”

मी शिवणाच्या डब्यातली कात्री आणून मंगलच्या हातात दिली. तिने कात्री खाली ठेवली, दोन्ही हात साडीला पुसले आणि परत उचलली.

मला टॉवेलने डोकं धरायचं काम मिळालं. मी कुंपणावरून पलीकडे उतरलो, पोटऱ्यांपर्यंत भाताच्या चिखलात. पुस्तकात वाचलेलं सगळं त्या क्षणी कुठे गेलं ते सांगता येणार नाही. टॉवेलातून मला तिचं अंग लागत होतं. गार असेल असं वाटलं होतं, ते उन्हाने कोमट झालेलं होतं. आणि त्यात श्वास होता, फार सावकाश, मधेच विसरल्यासारखा. इतकी वर्षं मी सापांविषयी इतकं वाचलं, पण ते श्वास घेतात ही गोष्ट मला त्या दिवशी समजली.

मंगल एकेक धागा बोटाने उचलायची, खाली कात्रीचं बोथट टोक सरकवायची आणि कापायची. प्रत्येक वेळी बारीक टक् असा आवाज यायचा, आणि प्रत्येक टक् सरशी आक्का डोळे मिटून घ्यायच्या. मांडवातली आरती इकडे ऐकू येत होती. रुतलेल्या जागी धागा निघेना. मंगलने मान इतकी खाली नेली, की तिचे केस खवल्यांना लागले. “हलू नको,” ती म्हणाली. “हलू नको रे. झालंच.” ती कुणाला अरे-तुरे करते आहे, हे तिच्या लक्षात आलं नसावं. धामण बाईमाणूस का बाप्या, हे त्या वेळी कुणीच विचारलं नाही.

शेवटचा वेढा सुटला. मी टॉवेल सोडून बाजूला झालो. ती तशीच पडून राहिली. तिच्या अंगावर जाळीचे ठसे होते, भरलेल्या विणीसारखे. आक्कांनी तांब्यातलं पाणी ओंजळीने तिच्यावर टाकलं. कितीतरी वेळ काही नाही. मंगलच्या हातातली कात्री उघडीच राहिली होती.

मग जीभ बाहेर आली. आत गेली. परत आली. तिने डोकं थोडं उचललं, जाळीच्या भोकातून उरलेलं अंग सावकाश पलीकडे ओढून घेतलं, माझ्या पायांना अगदी लागून चिखलात उतरली आणि भातात शिरली. पुढे ती दिसली नाही. रोपांची फक्त एक वाकडी रेघ हलत लांब लांब जात राहिली.

“एकदा बी वळून बघितलं न्हाय,” आक्का म्हणाल्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं. “भाऊच हाय गं तुजा.”

मंगलने कात्री मिटून कुंपणावरून माझ्या हातात दिली, आणि रोपं हलायची थांबेपर्यंत ती तिथून हलली नाही.